तळाशी लाल ठिपका

सोसायटी पुनर्विकासाला जायची म्हणून महिनाभर आमच्याकडे आवराआवर चालली होती. माळ्यावरून पोती खाली आली, पोत्यांतून भांडी निघाली आणि सहकारनगरातल्या त्या दोन खोल्यांना चिंचेच्या आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या वासाने भरून टाकलं. मदतीला अनू आली होती, माझ्या चुलतबहिणीची मुलगी. एकवीस वर्षांची, कामाला वाघ. दुपारचा उकाडा होता. तिने पोत्यातलं एक फुलपात्र काढलं, विसळलं, माठातलं पाणी घेतलं आणि तोंडाला लावणार तोच मी ते तिच्या हातातून काढून घेतलं. हिसकावलंच म्हणायला हवं, कारण अर्धं पाणी तिच्या ओढणीवर सांडलं. "हे नको गं, दुसरं घे," एवढंच माझ्या तोंडून आलं. ती "बरं मावशी" म्हणाली, दुसरं भांडं घेऊन पाणी प्यायली आणि पुन्हा कामाला लागली.

त्या फुलपात्राच्या तळाला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.

मी शाळेत पंचवीस वर्षं विज्ञान शिकवते. हिपॅटायटिस बी रक्तातून पसरतो, ताटवाटीतून पसरत नाही, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. फुलपात्र ज्यांचं होतं ते अण्णाकाका 2011 साली गेले. त्यानंतर ते भांडं चौदा वर्षं पोत्यात कोरडं पडून होतं. हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी हात पुढे गेला. त्या रात्री झोप लागेना. जे डोक्याला माहीत असतं ते हाताला कधी कळतं?

अण्णाकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. तेव्हा आम्ही सगळे नारायण पेठेतल्या वाड्यात एकत्र राहत होतो. 1997 च्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाने रक्तदान शिबिर घेतलं आणि काका दरवर्षीच्या हौसेने रांगेत सगळ्यांत पुढे. पंधरा दिवसांनी रक्तपेढीचं पाकीट आलं. प्रत्यक्ष येऊन भेटा, असा मजकूर. काका गेले आणि एक चिठ्ठी घेऊन परत आले. तिच्यावर डॉक्टरांच्या अक्षरात 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह' असं होतं. काकांनी सवयीने खिशातली पेन्सिल काढून त्यातल्या एका चुकलेल्या अक्षराखाली रेघ ओढल्याचं मला आठवतं. मी बारावीत होते. आजी सारखी विचारत राहिली, आपल्यातलं कोण गेलं होतं रे ऑस्ट्रेलियाला?

ते नाव कुठून आलं हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. बरूच ब्लमबर्ग नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ जगभरच्या माणसांच्या रक्तातल्या प्रथिनांमध्ये काय काय फरक असतात ते पाहत होते. काविळीचा त्यांचा काही शोध चालू नव्हता. हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, वारंवार रक्त चढवावं लागलेल्या एका रुग्णाचं रक्तद्रव आणि ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाचा नमुना एकत्र आला, तेव्हा त्यांची एकमेकांशी प्रतिक्रिया झाली. 1965 साली त्या अनोळखी पदार्थाला 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' हे नाव मिळालं. तो काविळीच्या एका विषाणूचा, हिपॅटायटिस बीचा, वरचा अंगरखा आहे हे नंतर उलगडलं. 1976 साली ब्लमबर्गना नोबेल मिळालं. त्यांचा वाढदिवस 28 जुलै, म्हणून त्याच दिवशी जागतिक हिपॅटायटिस दिन पाळतात. आमच्याकडे मात्र त्या चिठ्ठीतला ऑस्ट्रेलिया हा शब्द कुजबुजत्या आवाजातच उच्चारला जाई. काकांना कुठल्या डॉक्टरांनी नेमकं काय सांगितलं ते आता कोण सांगणार? घरी येऊन पोचलं ते एवढंच: रक्त द्यायचं नाही, दारू प्यायची नाही, आणि हे संसर्गजन्य आहे. पहिल्या दोन गोष्टी सोप्या होत्या. तिसरीने घर ताब्यात घेतलं.

आजी एका दुपारी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तुझं ते नखांना लावायचं दे जरा." तुळशीबागेतून मैत्रिणींबरोबर घेतलेली लाल नेलपॉलिशची छोटी बाटली होती, आईपासून लपवून ठेवलेली. मी दिली. काका-काकूंच्या लग्नात आलेला स्टीलच्या फुलपात्रांचा संच होता, सहाही फुलपात्रांवर 'दत्तात्रेय' असं कोरलेलं. आजीने त्यातलं एक उलटं धरलं, तळाशी ठिपका दिला आणि वाळेपर्यंत फुंकर घालत बसली. मग ताटाला, वाटीला, चमच्याला. तिचे हात थरथरत होते. ठिपका वाटीच्या कडेपर्यंत ओघळला, तो तिने पदराने पुसला. ठिपक्याची भांडी खिडकीतल्या वेगळ्या फळीवर गेली.

आज आजीचा राग येत नाही. तिच्या माहेरी क्षयाने गेलेल्या भावाची भांडी राखेने घासून परसात पालथी ठेवत. कावीळ म्हटलं की तिला पावसाळ्यातलं गढूळ पाणी, उलट्या, हळदीसारखे डोळे, उसाचा रस आणि फुटाणे आठवत. त्या काविळी, हिपॅटायटिस ए आणि ई, दूषित पाण्या-अन्नातूनच येतात. तिथे हात धुणं, पाणी उकळणं, उघड्यावरचं न खाणं याला खरंच अर्थ आहे. बी आणि सीची वाट निराळी. पण आपल्या भाषेत या सगळ्यांना शब्द एकच, कावीळ. एका शब्दाखाली पाच विषाणू दाटीवाटीने बसले आणि एकाची भीती दुसऱ्याच्या माथी गेली. कोणीतरी काकांना काविळीची माळ घालायलाही नेलं होतं. माळ दिवसागणिक लांबत जाते तसा रोग उतरतो म्हणतात. खरं तर ओली देठं सुकून बारीक होतात आणि गाठी सैल पडतात, म्हणून ती लांबते. काकांचे डोळे तेव्हा पिवळे नव्हतेच. त्यांना काहीच होत नव्हतं. रोज सायकलवरून छापखान्यात जात, संध्याकाळी मंडईतून भाजी आणत. काही होत नाही म्हणून कोणी पुन्हा डॉक्टरांकडे गेलं नाही.

भांडी वेगळी झाली. नेलकटर मात्र आरशाशेजारच्या खिळ्याला लटकलेला, तो एकच होता.

हे लिहिताना अजून पोटात गोळा येतो. दर रविवारी त्याच नेलकटरने काका नखं काढत, मग माझे वडील, मग आम्ही मुलं. दोघा भावांचा दाढीचा रेझरही कित्येक वर्षं एकच होता, पातं बोथट होईपर्यंत पुरवून वापरायचं. हा विषाणू शरीराबाहेर सुकलेल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरतो. डोळ्यांना दिसणार नाही इतकं रक्त त्याला पुरतं. रेझर, नेलकटर, दात घासायचा ब्रश, न उकळलेली सुई, असुरक्षित शरीरसंबंध, आणि बाळंतपणात आईकडून बाळाकडे, या त्याच्या वाटा. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, शिंकल्या-खोकल्याने, एकाच फुलपात्रातून पाणी प्यायल्याने तो जात नाही. आम्ही फळी वेगळी केली आणि खिळा विसरलो.

वाडा पडला तेव्हा दोघा भावांनी याच इमारतीत घरं घेतली, काका तळमजल्यावर, आम्ही दुसऱ्या. 2004 साली अनूचं उष्टावण काकांच्याच घरी झालं. चांदीच्या वाटीत खीर, वेलदोड्याचा वास, चौरंगावर काठाचं परकर-पोलकं घातलेली ती ठमाबाई. मामाने पहिला घास भरवला, मग एकेकाने बोटाने खीर चाटवली. काका दारात उभे राहून पाहत होते. कोणीतरी म्हणालं, "अण्णा, या ना," तर ते म्हणाले, "माझा आशीर्वाद आहे इथून." त्यांनी कधीच तिला आपल्या ताटातलं काही दिलं नाही. आमरसाच्या दिवशी ती त्यांच्या मांडीवर चढायला जाई आणि ते ताट दूर सरकवत. आपली भांडी ते स्वतः घासत, तीही सगळ्यांची झाल्यावर. घरात त्यांना कोणी टाकून बोललं नाही, कधीच नाही. पण चौदा वर्षं एक माणूस आपल्याच घरात पाहुण्यासारखा वावरला आणि आम्हाला त्याची सवय झाली.

2011 च्या उन्हाळ्यात उजव्या बरगडीखाली जड वाटतं असं ते म्हणू लागले. पित्त असेल, म्हणून आवळासुपारी झाली. शर्टाची कॉलर मानेपासून सुटली. मग पोट वाढायला लागलं आणि हातपाय काटक्या. सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टर पडद्याकडे पाहत बराच वेळ गप्प होते. यंत्राचा टकटक आवाज तेवढा येत होता. यकृताचा कर्करोग, बराच पुढे गेलेला. यकृत हा सोशिक अवयव. त्याच्या आत दुखणं कळवणाऱ्या नसाच नाहीत, वरच्या आवरणावर ताण आला की मगच वेदना होते, आणि तोवर गाठ मोठी झालेली असते. गणपती बसायच्या आधी काका गेले. तेराव्याला आलेल्या एका नातलग बाईंनी माझ्या आईला हळूच विचारलं, "घेत होते का हो?" सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेल्या माणसाबद्दल.

कागदपत्रं घ्यायला मी आणि नाना, म्हणजे माझे वडील, गेलो होतो. यकृताच्या त्या तरुण डॉक्टरांनी फाइल बंद करता करता विचारलं, "यांच्या भावंडांच्या तपासण्या झाल्यात ना?" आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. चौदा वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं.

साधी रक्ताची तपासणी. नाना पॉझिटिव्ह. साताऱ्याची आत्या पॉझिटिव्ह. तिची थोरली मुलगी पॉझिटिव्ह. मी निगेटिव्ह आले, मला लशीचे तीन डोस घ्यायला सांगितले: आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. काकूंना कधीतरी संसर्ग होऊन गेला होता आणि त्यांच्या शरीराने तो परतवून लावला होता, त्यांना पत्ताही न लागता. मोठ्या वयात लागण झाली तर बहुतेकांचं असंच होतं. शंभरात पाचांहून कमी जणांच्या अंगात तो कायमचा राहतो. जन्माच्या वेळी लागण झाली तर उलट, शंभरातल्या नव्वद बाळांमध्ये तो मुक्काम ठोकतो, कारण आपलं कोण आणि परकं कोण हे बाळाच्या शरीराला अजून उमगलेलं नसतं. तीन भावंडं एकाच रांगेत पॉझिटिव्ह पाहून डॉक्टर म्हणाले, बहुधा आईकडून आलं असावं.

आजीकडून. जिने थरथरत्या हाताने ठिपके दिले होते.

ती 2002 साली गेली. शेवटी शेवटी तिच्याही पोटात पाणी झालं होतं आणि वय झालं म्हणून आम्ही ते सोडून दिलं. तिची तपासणी कधी झालीच नाही, त्यामुळे खात्रीने म्हणता येणार नाही. तिला तिच्या आईकडून आलं असेल, किंवा तिच्या दंडावर लहानपणी जत्रेत एकाच सुईने गोंदलेली ती तुळस होती, तिच्यातून आलं असेल. त्या गोंदणावरून बोट फिरवत मी लहानपणी झोपी जायचे. आपल्या मुलाला असलेला आजार आपणच दिला आहे हे तिला न कळता ती गेली, याचं मला बरंच वाटतं.

एवढी वर्षं गप्प असलेला विषाणू कर्करोगापर्यंत कसा पोचतो हे मी तेव्हा वेड्यासारखं वाचत होते. तो यकृताच्या पेशीच्या केंद्रकात जाऊन आपला एक मूळ साचा तिथे दडवून ठेवतो, आणि त्याच्या डीएनएचे तुकडे आपल्या डीएनएमध्येही मिसळून जातात. शरीराचे शिपाई अधूनमधून जागे होतात आणि बाधित पेशी मारतात. यकृत नव्या पेशी तयार करतं. पुन्हा मारामारी, पुन्हा भरपाई. जखमेवर व्रण येतात, व्रणांवर व्रण येऊन यकृत जून लाकडासारखं कडक होतं, तो सिरोसिस. आणि इतक्या घाईघाईने, इतक्या वेळा पेशींच्या नकला काढताना चुका राहतात. मुद्रितशोधकाच्या घरात वाढलेल्या मला हे फार लवकर कळलं: एकच मजकूर हजारदा पुन्हा जुळवला आणि प्रूफ कोणी वाचलंच नाही, तर काय होईल? त्यातून हिपॅटायटिस बीमध्ये सिरोसिस न होताही कर्करोग होऊ शकतो, म्हणून तब्येत ठणठणीत असली तरी नजर ठेवावी लागते. जगात 2022 साली 25 कोटींहून जास्त माणसं हा विषाणू अंगात घेऊन जगत होती आणि त्या एका वर्षात सुमारे 11 लाख माणसं त्याने गेली, बहुतेक सिरोसिस आणि यकृताच्या कर्करोगानेच. भारतात अशी जवळपास 3 कोटी माणसं. त्यातल्या बहुतेकांना ते माहीतच नाही, जसं नानांना नव्हतं.

नाना रोज रात्री जेवणानंतर टेनोफोविरची एक गोळी घेतात. तिने विषाणू जात नाही, दबून राहतो. यकृताची नासाडी थांबते आणि कर्करोगाचा धोका कमी होतो, शून्य होत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्ताची एक तपासणी. बरं वाटतंय म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही, आजार उसळतो. 2018 च्या जुलैत सरकारचा व्हायरल हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यात ही तपासणी आणि औषध सरकारी रुग्णालयांत मोफत मिळू लागलं. बहात्तरीचे नाना पर्वतीच्या पायऱ्या अजून चढतात. दर रविवारी वर्तमानपत्रावर शेंगदाणे पसरून काळपट, सुरकुतलेले, बुरशी आलेले दाणे वेचून फेकतात आणि मगच कुटाला देतात. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक, आणि हा विषाणू अंगात असलेल्याला तर दुप्पट वैरी. त्यांची ती वाकलेली पाठ, बोटांची चिमूट, दाण्यांचा खुळखुळ... काकांनाही ही चौदा वर्षं अशीच मिळाली असती का? 1997 मध्ये आजच्याइतकी चांगली औषधं नव्हती हे खरं. पण सहा महिन्यांनी एकदा सोनोग्राफी होऊ शकली असती, गाठ लहान असताना सापडली असती, आणि पुढची औषधं येईपर्यंत ते निदान कोणा डॉक्टरांच्या नजरेसमोर राहिले असते. या हिशेबाला उत्तर नाही. तरी मी तो अधूनमधून करते.

आत्याची मुलगी 2013 मध्ये बाळंत झाली, इथेच पुण्यात. बाळ जन्मल्यावर काही तासांत त्याच्या एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन दिलं गेलं. सासूबाई अंगावर पाजू द्यायला तयार नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना शेजारी बसवून सांगितलं की दुधातून काही होत नाही, बाळाला दोन्ही इंजेक्शनं मिळालीत, खुशाल पाजू दे. पुढचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना झाले. बाळ वर्षाचं झाल्यावर रक्त तपासलं. निगेटिव्ह, आणि संरक्षण पुरेसं. आत्याने साताऱ्याहून फोन केला तेव्हा तिला बोलता येईना. आजीपासून, कदाचित तिच्याही आधीपासून, आईकडून लेकराकडे चालत आलेलं ते त्या दोन इवल्या मांड्यांपाशी थांबलं.

सोलापूर रस्त्याने जाताना हडपसरला सिरम इन्स्टिट्यूटकडे वळणारा रस्ता लागतो. हिपॅटायटिस बीची लस तिथेही बनते. तैवानने 1984 साली नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग कमी झालेला दिसला. कर्करोग रोखणारी माणसाच्या हाती आलेली ही पहिली लस. आपल्या देशभरच्या लसीकरणात ती 2011 च्या सुमारास आली, ज्या वर्षी काका गेले. शाळेत पालकसभा असली की मी आता हे बोलते. बाळ जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत पहिला डोस, आणि घरात कोणाला हा आजार असेल तर उरलेल्या सगळ्यांची तपासणी, हे दोन मुद्दे घेते. मुख्याध्यापक घड्याळाकडे पाहतात, तरी पूर्ण करते.

आणि तरीही त्या दुपारी मी अनूच्या हातातून फुलपात्र काढून घेतलं.

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली तेव्हा मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी, ठिपका, माझी नेलपॉलिशची बाटली, उष्टावण. ती फुलपात्र उलटं धरून ऐकत होती, अंगठ्याच्या नखाने ठिपका खरवडत. सगळा निघाला नाही. मग तिने विचारलं, "आजोबांना माहीत होतं का, की उष्ट्याने काही होत नाही म्हणून?" मला उत्तर देता आलं नाही. "मला वाटायचं त्यांना मी आवडत नाही," ती म्हणाली. "सात वर्षांची होते ना." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही तशाच बसून राहिलो, खाली भंगारवाला ओरडत गेला तोवर.

रात्री जेवणं झाल्यावर आतून नानांनी हाक मारली, गोळीची वेळ झाली होती. उरलेली भांडी खोक्यांत बांधून झाली होती. अनूने ते फुलपात्र घासलं, पाणी भरलं आणि त्यांच्याकडे नेलं. नानांनी गोळी जिभेवर ठेवली, फुलपात्र हातात घेतलं आणि थांबले. दिव्याकडे धरून कोरलेलं नाव वाचलं, बोटाने तळ चाचपला. मग सगळं पाणी प्यायले आणि म्हणाले, "अजून थोडं दे गं, याच्यातच."